अक्कांना दिसणारा पिवळा

पिंप्राळ्यातलं आमचं घर बांधून बावीस वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. स्वयंपाकघरातली कपाटंही घराइतकीच जुनी. ओट्याखाली सात दारं, वर भिंतीला पाच. सगळ्यांवर गडद तपकिरी सनमायका. या रंगावर डाग दिसत नाहीत, असं दुकानदाराने सांगितलं होतं आणि ते खरं निघालं. डाग कधी दिसले नाहीत. पण वर्षं गेली तशी कपाटंच दिसेनाशी झाली. फोडणीचा धूर, तळणीचं तेल, उन्हाळ्यात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पिठाची वाफ, सगळं त्या तपकिरीत मुरत गेलं. दुपारी मी शाळेत शिकवून घरी यायचे, रस्त्यावरच्या उन्हातून एकदम आत पाऊल टाकायचे, तेव्हा पहिलं मिनिटभर स्वयंपाकघर म्हणजे नुसता एक गार काळोख असायचा आणि त्यात कुठेतरी नळ ठिबकत असायचा. मला ते मिनिट आवडायचं. विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखं वाटायचं.

मिनिट सरलं की मात्र कपाटांचं वय दिसायला लागायचं. सिंकखालचं दार पाणी पिऊन फुगलं होतं. एका दाराची बिजागरी सैल झाली होती, ते जरा उचलूनच बंद करावं लागे. कडेचा सनमायका दोन ठिकाणी सुटून ओठासारखा बाहेर आला होता.

हे स्वयंपाकघर माझ्या सासूबाईंनी करून घेतलेलं. त्यांना घरात, गल्लीत सगळे अक्का म्हणतात, मीही. अक्का अमळनेरकडच्या खेड्यातल्या. अजूनही अहिराणीच बोलतात. घर बांधलं तेव्हा त्या सुतारासमोर उभ्या राहिल्या होत्या आणि टेपऐवजी स्वतःच्या वितीने मापं देत होत्या. ओटा त्यांच्या कंबरेला, वरची फळी त्यांच्या उंचावलेल्या हाताला. मी त्यांच्यापेक्षा चांगली उंच आहे. म्हणून मी बावीस वर्षं थोडी वाकूनच पोळ्या लाटल्या. तक्रार अशी कधी केली नाही, पण मनात होतं की एक दिवस हे सगळं निघेल आणि माझ्या मापाचं काहीतरी येईल.

तो दिवस आल्यासारखा वाटला. पावसाळा संपता संपता एका रविवारी नवऱ्याने मॉड्युलर किचनवाल्या एका माणसाला घरी बोलावलं. त्याने लॅपटॉप उघडला आणि आमचंच स्वयंपाकघर आम्हाला दाखवलं. पांढरंशुभ्र, गुळगुळीत. दारांना मुठीसुद्धा नव्हत्या. बोटाने जरा दाबलं की ड्रॉवर आपोआप सरकत बाहेर यायचा, ढगातून ढग निघावा तसा. मी खुळ्यासारखी बघत राहिले. ओटा माझ्या मापाने दोन इंच उंच होणार होता. त्या रात्री मी अगदी शांत झोपले, एवढं आठवतं.

अक्का शेजारी खुर्चीवर वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "बरं शे." आणि सोलत राहिल्या.

किचनवाला पुढच्या महिन्यात काम धरणार होता. मधल्या काळात झुरळं फार झाली, म्हणून मी कपाटं रिकामी करून औषध मारून घेतलं. परत लावताना म्हटलं, लावतेच आहे तर नीट लावू. डाळी एका बाजूला, मसाले डोळ्यांसमोर, रोजची भांडी हाताशी. संध्याकाळपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं. मी बाहेर तुळशीजवळ जरा टेकले होते. आतून भांडं पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काहीच नाही. आत गेले तर अक्का स्वयंपाकघराच्या मधोमध उभ्या होत्या. दोन्ही हात थोडे पुढे, तळवे उघडे. खाली साखर सांडलेली. माझी चाहूल लागली तशा त्या माझ्याकडे न वळता म्हणाल्या,

"हाई घर कोनं शे?"

रागाने नाही. खरोखर विचारत होत्या, हे घर कुणाचं म्हणून. मला आधी वाटलं त्यांना विसरायला होतंय. मी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. पेला त्यांच्यासमोर धरला तर त्यांचा हात पेल्याच्या शेजारून गेला.

तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ तपासलं आणि मला आत बोलावून सांगितलं की डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत गेलाय. चष्म्याने किंवा ऑपरेशनने तो परत येणार नाही. कडेचं दिसतं ते बरेच दिवस दिसेल. "हे एका दिवसात झालेलं नाही," ते म्हणाले. "दीड-दोन वर्षं तरी चाललं असेल. घरात कुणाला कळलं नाही?"

कळलं नव्हतं. दोन वर्षं त्या माणसाने आमच्या डोळ्यांदेखत भाकरी थापली, चहा केला, मिठाचा डबा काढला, ठेवला. रिक्षातून परत येताना मी त्यांना विचारलं, "अक्का, मी कशी दिसते तुम्हाला?"

त्यांनी मान एका बाजूला वळवली आणि तिरप्या नजरेने माझ्याकडे बघितलं. अलीकडे त्या अशा बघायच्या आणि मला वाटायचं मान आखडली असेल.

"तुनं तोंड दिखत नही," त्या म्हणाल्या. "तठे धुकं शे. कान दिखतस." मग जरा थांबून, "तुना कान चांगला शेतस."

मला हसू आलं आणि रडूही. रिक्षावाला आरशातून बघत होता.

घरी येऊन मी आधी सगळी कपाटं पुन्हा जुन्यासारखी लावली. अक्का खुर्चीवर बसून सांगत होत्या, कशाच्या शेजारी काय. मग उठल्या आणि ओट्याच्या कडेने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, उजवा हात दारांवरून फिरवत. तो हात मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिला. पहिल्या मुठीवर तो थांबत नव्हता. दुसऱ्या दाराच्या सुटलेल्या सनमायक्यावर बोट जरा रेंगाळायचं. तिसऱ्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात एक खाच होती, कुकर पडून कधीतरी टवका उडालेला. तिथे अंगठा बरोबर बसायचा आणि हात आत जायचा, कारण त्या दारामागे तूरडाळ. लोंबणारं दार म्हणजे चहा-साखर. फुगलेलं दार म्हणजे इथून पुढे पाणी, सांभाळून. ज्या ज्या गोष्टींची मला लाज वाटत होती, त्या सगळ्या त्यांच्या खुणा होत्या.

संध्याकाळी मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, त्या किचनवाल्याला नाही म्हणून कळवा."

त्याने नंबर काढायला फोन हातात घेतला. मग म्हणाला, "पण तुलाच तर हवं होतं."

"हवं होतंच."

खोटं कशाला सांगू, मला वाईट वाटलं. त्या पांढऱ्या ड्रॉवरांचं स्वप्न पुढे बरेच दिवस पडत राहिलं. पण अक्कांचे ते उघडे तळवे डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

कपाटं तशीच ठेवायची, हे ठरलं. तरी काहीतरी करायला हवंच होतं, कारण अक्कांनीच एक गोष्ट सांगितली. त्यांना तपकिरी दारं, काळा ओटा आणि खालची सावली हे वेगवेगळं दिसतच नव्हतं. "बठ्ठा काया डोह शे," त्या म्हणाल्या. म्हणजे त्या रोज सकाळी एका काळ्या डोहाच्या काठावर उभ्या राहून चहा करत होत्या. दार उघडं राहिलं तर कळत नसे. त्यांच्या गुडघ्यावर एक जुनी खूण होती, तिचं कारण मला आता समजलं.

मग मी विचारत सुटले. एकाने सांगितलं, वरून प्लास्टिकचा चिकटणारा कागद लावून टाका, दोन तासांत नवं. मी नमुना आणून अक्कांच्या हातात दिला. त्यांनी बोटं फिरवली आणि परत दिला. "मासोयी," म्हणाल्या. मासोळीसारखं निसरडं, हाताला काहीच सांगत नाही. सुतार म्हणाला, सांगाडा ठेवू, दारं तेवढी नवी टाकू. पण मग खाच, फट, लोंबणं, सगळंच जाणार. नवा सनमायका लावायचा तर जुना ओरबाडून कडा तासाव्या लागणार. उरला रंग. पेंटरने मात्र हात झटकले. "मॅडम, सनमायक्यावर रंग बसत नाही. चार महिन्यांत पापुद्रे निघतील, मग मला बोल लावाल."

तेव्हा मला नाना आठवले.

माझं माहेर धुळ्याचं. नाना आमच्या गल्लीत चार घरं सोडून राहायचे, वडिलांचे मित्र. उभा जन्म त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. लहानपणी शाळेतून येताना मी त्यांच्या ओसरीवर थांबायचे. पत्र्यावर अक्षर कसं उमलतं ते बघत. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्यांची कामं बंद झाली. दिवाळीच्या सुट्टीच्या पहिल्याच दिवशी मी धुळ्याची एसटी धरली.

तो प्रवास मला अजून आठवतो, तसं त्यात काही घडलं नाही तरी. खिडकीतून ऑक्टोबरचं कडक, स्वच्छ ऊन येत होतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. दोन्ही बाजूंना कपाशी फुटलेली. मी अक्कांसारखं बघायचा प्रयत्न केला. समोर एका जागी नजर खिळवायची आणि कडेचं काय दिसतं ते बघायचं. कडेने नुसते रंग वाहत होते. हिरवं, पांढरं, मातीचं काळं. मध्येच कुणा वेचणारणीचं पिवळं लुगडं आलं आणि गेलं. बाकी सगळं एकमेकांत मिसळलं, ते पिवळं मात्र मला बराच वेळ दिसत राहिलं, डोळे मिटल्यावरही.

नाना ओसरीवरच होते. पंचाहत्तरी उलटलेली, बोटं जरा थरथरणारी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सनमायक्यावर रंग बसतो," ते म्हणाले. "त्याची चमक मारावी लागते. सोड्याच्या पाण्याने धुवायचं, पॉलिश पेपरने घासायचं, इतकं घासायचं की हाताला खडूसारखं लागलं पाहिजे. मग प्रायमर, मग दोन हात ऑइलपेंटचे. घाई केली की पापुद्रे. पेंटर घासत नाहीत, म्हणून बसत नाही म्हणतात. कोणता रंग देतेस?"

मी मनात ठरवलं होतं. "फिकट निळा. करडा म्हणा, निळसर."

"कोणासाठी?"

मी एसटीचं तिकीट बोटांत गुंडाळत राहिले.

"पोरी, मी पाट्या करायचो तेव्हा दुकानदार म्हणायचे, मला लाल आवडतो, मला हिरवा आवडतो. मी म्हणायचो, शेठ, पाटी तुम्हाला वाचायची नाही, रस्त्याच्या पलीकडच्या माणसाला वाचायची आहे. आणि रंग एकटा कधी दिसत नाही. शेजारच्या रंगामुळे दिसतो. काळ्या ओट्याशेजारी तुझा करडा म्हणजे संध्याकाळ." त्यांनी आत जाऊन पुठ्ठ्याचे पाच मोठे तुकडे आणले आणि मला दिले. "शेड कार्ड बघू नको. यावर रंग लाव, तिथे उभे कर, सकाळी-दुपारी-संध्याकाळी बघ. तू नाही, त्यांनी बघायचं."

मी उठले तेव्हा ते म्हणाले, "घासायला कोण आहे तुझ्याकडे?"

"मीच."

"मी येतो," नाना म्हणाले. "घरात बसून बसून मलाही गंज चढलाय."

पुठ्ठ्यांचे ते तीन दिवस. मी त्यांवर रंग लावले: पांढरा, फिकट निळा, पोपटी, नारिंगी, पिवळा. एकेक पुठ्ठा ओट्याखालच्या दाराला टेकवायचा आणि अक्कांना बोलवायचं. त्या दारात उभ्या राहायच्या, मान तिरकी करायच्या, थोडी इकडे, थोडी तिकडे, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. पांढरा सकाळी दिसला, दुपारी खिडकीतल्या उन्हात विरघळून गेला. पोपटी त्यांना करडा वाटला. माझा निळा त्यांना कुठल्याच वेळी सापडला नाही, मी पुठ्ठा हातात धरून हलवत होते आणि त्या म्हणत होत्या, "लाव ना मंग."

पिवळा टेकवला तेव्हा त्या काही न विचारता सरळ चालत गेल्या आणि त्यावर हात ठेवला.

"हाऊ दिखस," म्हणाल्या.

संध्याकाळी, दिवे लावायच्या आधीच्या त्या धूसर वेळेला मी पुन्हा तोच टेकवला. पुन्हा गेल्या. अगदी भडक पिवळा होता तो. उद्या पिकेल अशा केळ्याचा नव्हे, आज खाल्लंच पाहिजे अशा केळ्याचा. मला तो अजिबात आवडला नव्हता.

नाना आले ते जुन्या पिशवीत ब्रश गुंडाळून. पुढचे आठ-नऊ दिवस आमचा स्वयंपाक मागच्या व्हरांड्यात गॅस मांडून चालला आणि स्वयंपाकघर रिकामं, उघडं, आवाज घुमणारं झालं. मी सोड्याच्या पाण्याने दारं धुतली तेव्हा बादलीतून चहासारखं पाणी गेलं. दारं आम्ही काढली नाहीत. बिजागऱ्या हलवल्या तर प्रत्येक दाराची बसण्याची सवय बदलेल, असं नानांचं म्हणणं. मग घासायला सुरुवात केली. एक दार मी तासभर घासलं आणि नानांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बघितलं, "झालं," म्हणाले.

अक्का मागे उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे करून दारावर फिरवला.

"आठे अजून चिकनं शे," त्या म्हणाल्या. बोट एका ठिकाणी टेकलेलं. "आनी आठे."

नानांनी वाकून त्या जागी नख घासलं. खरोखर तिथे बोटभर चमक उरली होती. ते सरळ झाले आणि अक्कांकडे बघत राहिले.

"अक्का," ते अहिराणीत म्हणाले, "तुम्हीच घासा. माले दिखत नही ते तुमना हातले दिखस."

आणि त्या घासायला बसल्या. पाट घेतला, पदर खोचला, पॉलिश पेपर तळव्याखाली धरला. वय झालं म्हणून ज्या बाईच्या हातून आम्ही एकेक काम हळूहळू काढून घेत होतो, जाऊ द्या अक्का, राहू द्या अक्का, त्या सकाळपासून दुपारपर्यंत दारं घासत होत्या. घासायच्या, मग उलट्या बोटांनी चाचपायच्या, मग पुन्हा. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तपकिरी धूळ तरंगत राहायची आणि ती त्यांच्या भुवयांवर, केसांवर, हातांवरच्या लवेवर बसायची. त्या तपकिरी होत गेल्या आणि दारं फिकट. मला ते दिवस आठवतात ते आवाजाने. नानांचा वरच्या कपाटांवर चाललेला खरखर आवाज, अक्कांचा खालचा. मध्येच दोघांचं अहिराणीत बोलणं. कोणत्या गावची जत्रा, कुठल्या नदीला पूर्वी किती पाणी. मी ज्वारीची भाकरी टाकता टाकता ऐकायचे आणि वेळ कुठे जातो कळायचं नाही.

एकदाच भांडण झालं. मी शाळेच्या कामासाठी दोन तास बाहेर गेले होते. परत आले तर अक्का पाटावर पाठ फिरवून बसलेल्या आणि नाना अवघडून उभे. झालं असं की नानांनी खड्डे-टवके लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरून घेतले होते. तिसऱ्या दाराची खाचही भरली होती, छान, गुळगुळीत, दिसणारसुद्धा नाही अशी.

"चाळीस वर्षांची सवय," नाना मला म्हणाले. "खड्डा दिसला की हात भरायला जातो."

"मनी डाय गई," अक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या. माझी डाळ गेली.

नानांनी पटाशी घेतली आणि अर्धी ओली लांबी खरवडून काढायला बसले. खाच पुन्हा मोकळी झाली तेव्हा त्यांनी अक्कांना हाक मारली. अंगठा बसतो का बघा, म्हणाले. जरा सैल झाली होती. त्यांनी कडेला किंचित लांबी लावली, पुन्हा अंगठा, पुन्हा जरा काढली. एका खाचेसाठी माप घेत बसलेली ती दोन म्हातारी माणसं बघून मी आत न जाता दाराशीच थांबले.

मग प्रायमर, मग एक दिवस सुकायला, मग पिवळ्याचा पहिला हात, दुसरा हात. शेवटी नानांनी बारीक ब्रश काढला. प्रत्येक दाराच्या कडेने त्यांना गडद निळी रेघ ओढायची होती, म्हणजे एक दार कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं ते अक्कांना कळेल. मला त्यांच्या थरथरणाऱ्या बोटांची काळजी होती. पण ब्रश टेकला की थरथर थांबायची. कसं ते मला कळलं नाही. ते श्वास रोखून वरून खाली एकदम उतरायचे आणि रेघ तारेसारखी सरळ यायची. बारा दारं. फक्त सिंकखालच्या दाराची रेघ जरा वाकडी आहे, कारण ते दारच वाकडं आहे.

सगळं होऊन गेल्यावर पुठ्ठ्यांसाठी आणलेला एक डबा तसाच उरलेला बघून नाना म्हणाले, "हा तुझा फिकट निळा अजून आहे. आत लाव की. आत कोण बघतंय? तूच उघडणार."

मग कपाटांच्या आतल्या बाजू मी स्वतः रंगवल्या, नाना धुळ्याला गेल्यावर, सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत. डोकं कपाटात घालून, टॉर्च लावून. आजही दार उघडलं की आत आभाळाचा एक तुकडा असतो आणि तो माझा आहे. ओटा मात्र होता तेवढाच राहिला. मी अजून वाकूनच पोळ्या लाटते.

सामान परत लागलं, त्याच्या दुसऱ्या सकाळी आम्ही अक्कांना मुद्दाम बोलवून आणलं नाही. त्या आपल्या नेहमीच्या वेळी उठल्या आणि चहा करायला आल्या. मी आधीच येऊन फ्रिजजवळ गप्प उभी होते. बाहेर अजून पुरतं फटफटलं नव्हतं. उंबऱ्यात त्या थबकल्या. मान तिरकी केली.

"उजाडनं का?" त्यांनी विचारलं.

"अजून नाही, अक्का."

"आठे ते उजाडेल दिखस," त्या म्हणाल्या आणि हात पुढे न करता आत आल्या.

पिवळ्याचं काय झालं तेही सांगते. पेंटर अगदीच खोटं बोलला नव्हता. सिंकखालच्या दाराचा पापुद्रा पुढच्या पावसाळ्यात निघालाच. तिथे मी दरवर्षी हात मारते. मुठींच्या भोवती रंग घासून तपकिरी डोकावायला लागलंय. शेजारपाजारच्या बायका पहिल्यांदा आल्या की "अय्या, केवढा पिवळा!" म्हणतात आणि मग काय बोलावं ते त्यांना सुचत नाही. मला आता त्याचं काही वाटत नाही. दुपारी उन्हातून घरात आलं की पूर्वीचा तो गार काळोख मिळत नाही, एवढंच. त्याची कधीकधी आठवण येते.

अक्कांची नजर त्यानंतरही उतरतच गेली. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी पेपर तपासत स्वयंपाकघरातच बसले होते. अक्का समोरच्या खुर्चीवर, तोंड कपाटांकडे. एकाएकी माझ्याकडे वाकून, कुणी ऐकेल की काय अशा आवाजात म्हणाल्या,

"तुले एक सांगू? कोनले सांगू नको."

"सांगा."

"दारवर येल चढेल शे. बारीक बारीक फुलं शेतस." त्यांचा हात साडीची कड चुरत होता. "महिनाभर दिखी ऱ्हायनी. मी येडी व्हयनू का?"

मी त्यांचा हात धरला. दारांवर काही नव्हतं. पिवळा रंग आणि निळी रेघ. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टरांनी ऐकलं आणि हसून त्यांच्याकडे खुर्ची सरकवली. "आजी, तुम्हाला वेड लागलेलं नाही. डोळ्याकडून चित्र येणं कमी झालं की मन रिकामी जागा आपल्या चित्रांनी भरतं. पुष्कळांना होतं. लोक घाबरून सांगत नाहीत, इतकंच."

अक्कांनी मोठा श्वास सोडला. परतीच्या रिक्षात त्यांनी विचारलं, "म्हंजे ते बठ्ठं मनंच शे?"

"हो, तुमचंच."

त्या दिवसापासून त्या लपवत नाहीत. कधी वेल असते, कधी लुगड्याच्या काठासारखी नक्षी. रोज येतातच असं नाही. परवा दुपारी मी शाळेतून आले तर खुर्चीत बसून एकट्याच गालात हसत होत्या.

"काय झालं, अक्का?"

"मानसं शेतस. इतला इतला." त्यांनी बोटभर उंची दाखवली. "रंगीत पागोटावाला. ओट्याना खालथून चालनात."

मी पर्स ठेवली, हात धुतले. "किती आहेत?"

मान तिरकी करून त्यांनी मोजल्यासारखं केलं. "बारा-पंधरा व्हतीन."

"मग चहा टाकू का सगळ्यांचा?"

"त्या काय चहा पेतस!" अक्का म्हणाल्या. "तू तुना नि मना ठेव."

मी आलं किसायला घेतलं. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. अक्का मान हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरवत होत्या, त्या पागोटेवाल्यांच्या मागोमाग.